बनुआत्याचे गुडघे आणि चौथी चाळणी

सरासरी काढणं म्हणजे पोह्यांना फोडणी देण्याइतकं सोपं काम आहे, असं मी बनुआत्याला फोनवर सांगितलं, तेव्हा आबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी साताऱ्याला कॉलेजात ग्रंथपाल आहे, तेव्हा रजा काढून आईकडे सांगलीला राहिले होते. माझ्या हाताखाली बावीस हजार पुस्तकं आहेत आणि त्यातलं एकही चुकीच्या कपाटात नाही. अशा बाईला हळदीच्या भावाच्या दोन रेषा सांभाळता येणार नाहीत? खरं सांगायचं तर हे काम आबांपेक्षा मी थोडं बरंच करीन, असं मला वाटत होतं. आबा पेन्सिलीने आलेखाच्या कागदावर रेषा काढायचे. माझ्याकडे संगणक होता.

आबा म्हणजे नानासो सर. इस्लामपूरला चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आणि सांगलीत विश्रामबागला घर घेऊन आईबरोबर राहू लागले. निवृत्त शिक्षक सकाळी फिरायला जातात. आबा मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला जात. घरी येऊन त्या दिवसाचा क्विंटलचा भाव आणि विकली गेलेली पोती वहीत लिहीत. मग मागच्या वीस दिवसांच्या भावाची सरासरी आणि मागच्या पन्नास दिवसांची सरासरी काढून कागदावर दोन ठिपके देत. ठिपके जोडले की दोन रेषा व्हायच्या. वीस दिवसांची ती धाकटी, पन्नास दिवसांची ती थोरली. धाकटी चपळ, बाजार जरा हलला की लगेच वळणार. थोरली जड, चार जणांनी सांगितल्याशिवाय न उठणारी. धाकटी थोरलीला ओलांडून वर गेली की हळद ठेवायची. ओलांडून खाली आली की विकायची. एवढंच शास्त्र.

पण धाकटी थिल्लर आहे, असं आबांचं मत होतं. ती उगाचच ओलांडते, दोन दिवसांनी परत येते. म्हणून त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर चार चाळण्या लिहून ठेवल्या होत्या. पहिली, ओलांडल्यावर तीन दिवस ती तिकडेच राहिली पाहिजे. दुसरी, दोघींमध्ये शेकडा एक तरी अंतर पडलं पाहिजे. तिसरी, त्या दिवसांत विकली गेलेली पोती पन्नास दिवसांच्या सरासरीहून जास्त असली पाहिजेत. आणि चौथी, वहीतले आकडे संध्याकाळी घरात मोठ्याने वाचून दाखवणे.

पहिल्या तीन मला पटल्या. चौथी वाचून मी हसले. ती काही चाळणी नव्हती, ती आबांची हौस होती. संध्याकाळी सातला आई तांदूळ निवडत बसायची, बनुआत्याचा फोन चालू असायचा आणि आबा वर्गात पाढे म्हणावेत तसे शेवटचे पन्नास भाव वाचायचे. आई कधीतरी म्हणायची, मंगळवारचा परत वाचा. आबा परत वाचायचे. कधी वाचता वाचता जीभ चावायचे आणि गुपचूप खोडरबर घ्यायचे. आता त्या घरात सातला इतकं शांत असायचं की तिथे मोठ्याने काही वाचणं मला जमलं नसतं. मी चौथी चाळणी वगळली.

बनुआत्या ही आबांची धाकटी बहीण, वाळवा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी राहते. तिची दीड एकर हळद असते. शिजवून, वाळवून, चकाकी आणलेली तीस पोती दरवर्षी तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात रचलेली असतात आणि आबांचा फोन आल्याशिवाय तिथून एक पोतं हलत नाही. या वर्षी त्या पोत्यांवर तिचा उजवा गुडघा अवलंबून होता. मिरजेच्या डॉक्टरांनी एप्रिलअखेरची तारीख दिली होती. दोन्ही गुडघे झिजलेले, पण पैसा एकाचाच होणार होता. तोवर ती घरात पोत्यांना धरून धरून चालत होती.

आत्याने मला फोनवर एवढंच विचारलं, "दादाची वही कोण लिवतंय आता?"

"मी लिहिते," मी म्हणाले, आणि वर ते पोह्यांचं वाक्य टाकलं.

"मग बरं झालं. तुजा फोन आला की काढती पोती."

कामाला लागले. वहीतले मागचे शंभर दिवस संगणकाच्या तक्त्यात भरले. तेरावा झाल्यानंतरचे भाव मीच रोज पेपरात बघून वहीत लिहिले होते. मधले तेवढे राहिले होते. आबा महिन्याभराच्या तारखा आधीच लिहून ठेवायचे, रविवार वगळून. त्यामुळे सुतकाच्या तेरा दिवसांतल्या अकरा तारखा त्यांच्याच अक्षरात होत्या आणि पुढचे रकाने कोरे होते. त्या दिवसांत घरात भाव कोण विचारणार!

आता कोऱ्या रकान्यांचं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात फार पूर्वीच दिलं गेलेलं आहे. सहावीत असताना मला गोवर आला आणि माझी गणिताची घटक चाचणी बुडाली. आबा माझेच वर्गशिक्षक होते. रात्रभर माझ्या कपाळावर ओला फडका ठेवणारे तेच आणि सकाळी शाळेत जाऊन प्रगतिपुस्तकावर माझ्या नावापुढे शून्य लिहिणारेही तेच. आईने तेव्हा विचारलं होतं की गोवर आला म्हणजे पोरीला गणित येत नाही असं कसं होतं. आबा म्हणाले होते, रकाना रिकामा ठेवायचा नसतो. गैरहजर म्हणजे शून्य.

मी अकरा रकान्यांत अकरा शून्यं भरली. भावाला शून्य, पोत्यांनाही शून्य. चांगलं टापटीप दिसत होतं.

मग संगणकाने दोन्ही रेषा काढून दाखवल्या. सुतकाच्या दिवसांत थोरली बऱ्यापैकी खचली होती आणि धाकटी तर थेट दरीत कोसळली होती. कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी पाहत राहिले आणि मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. त्या दिवसांत सगळं जिथे होतं तिथेच हळदही असणार, असं मी धरून चालले.

महिन्याचं श्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी दरीतून वर चढत आलेली धाकटी थोरलीला ओलांडून वर गेली. मी एक एक करून चाळण्या लावल्या. पहिली, तीन दिवस टिकली. दुसरी, अंतर शेकडा एक हवं होतं, ते पंधरा पडलं. तिसरी, विकलेली पोती सरासरीहून भरपूर जास्त. तिन्ही चाळण्यांत विशेष प्रावीण्य! आबांच्या सगळ्या वह्या उलटून पाहिल्या. बारा वर्षांत दोघींमध्ये शेकडा चारच्या वर अंतर पडलेलं नव्हतं. माझं पंधरा होतं आणि रोज वाढत होतं.

आत्याला फोन करून मी सांगितलं की ठेव, एक पोतं काढू नकोस, आबांनी कधी पाहिली नसेल अशी तेजी येते आहे.

फोन आत्याजवळच राहिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो तिच्या हातून घेतला होता लालासाहेबाने. लालासाहेब हा आत्याचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्याला निरोप म्हणजे आदेश वाटतो आणि आदेश पुढच्या तुकडीला पोचवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने भावकीच्या ग्रुपवर लिहिलं की मामांच्या रेषेचा हुकूम आला आहे, हळद जागेवरून हलवू नये. बारा घरांनी होकाराचे अंगठे पाठवले. चारशेच्या वर पोती जागेवर थांबली.

दोन दिवसांनी यार्डातल्या अडत दुकानाच्या मालकांचा फोन आला. त्यांनी आधी आबांची चौकशी करावी तशी आईची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं की तुमच्या गावाकडचा टेम्पो का आला नाही, काही अडचण आहे का. मी थांबायचं कारण सांगितलं. ते मग म्हणाले की सरांचा अंदाज सहसा चुकत नसे, बघा बाई. त्या 'बघा बाई'त बरंच काही होतं. मला त्यात फक्त आदर ऐकू आला.

मग इतर फोन सुरू झाले. शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांना गुळाचं विचारायचं होतं. कराडहून एकांनी सोयाबीनचा भाव पाठवून दिला आणि खाली लिहिलं, 'रेषा काढून कळवणे'. कुपवाडला कारखान्यात कामाला असलेल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाचं सोनं गुरुवारी घ्यावं की शुक्रवारी, एवढंच विचारलं. मी प्रत्येकाला नम्रपणे सांगत होते की माझा विषय हळद आहे. महिन्याभरापूर्वी माझा विषय पुस्तकं होता, हे मी विसरले होते.

एक शंका मात्र लालासाहेबाने घेतली, ते नोंदवायला हवं. त्याने विचारलं, "संयू, रेषा वर चाललीया म्हणतीस, आन् भाव तर रोज उतरतोय की. परवा तेरा दोनशे, आज तेरा हजार. ह्ये कसं काय?"

"लालादादा, रोजच्या भावाकडे बघायचं नाही. रेषेकडे बघायचं. आबा काय सांगायचे?"

"व्हय, सांगायचे खरं," तो म्हणाला. सुभेदार एकदा वरिष्ठांचं नाव ऐकलं की पुढे विचारत नाही.

अंतर शेकडा तेवीसवर गेलं त्या दिवशी आत्याने स्वतः फोन केला. आवाज लाजल्यासारखा होता. एवढी तेजी येणारच असेल तर डॉक्टरांना सांगून दोन्ही गुडघे एकदमच करावेत का, असं तिच्या मनात आलं होतं. एकामागून एक दोनदा पडून राहायचं म्हणजे लय वनवास, ती म्हणाली. मी तिला म्हणाले, कर. अगदी खात्रीने म्हणाले. फोन ठेवल्यावर मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आबा गेले तरी आत्याला त्यांच्या वहीतून दोन गुडघे मिळणार होते.

सोमवारी आत्या आणि लालासाहेब मिरजेला डॉक्टरांकडे दोन्ही गुडघ्यांची तारीख घ्यायला निघाले आणि वाटेत आमच्याकडे थांबले. आत्या कठड्याला धरून तीन पायऱ्या चढली, त्याला चार मिनिटं लागली. आत येऊन ती आबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या खुर्चीत बसली. आईने चहा टाकला. मी संगणक आणून रेषा दाखवल्या. लालासाहेबाने मान डोलावली. आत्याने पाहिलंच नाही.

"ह्ये मला कळत न्हाई बाई," ती म्हणाली. "दादा वाचून दाखवायचा, तसं वाच."

"आत्या, पन्नास आकडे आहेत. रेषेत सगळं आलंय."

"आसू दे पन्नास. मिरज कुटं पळून जातीया."

म्हणजे चौथी चाळणी. टाळणार कशी? मी वही घेतली, घसा साफ केला आणि तारखेनुसार वाचायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौदा हजार सहाशे. चौदा हजार साडेपाचशे. आत्याने डोळे मिटले. वाचायला वाटलं होतं तितकं अवघड जात नव्हतं. आठ-दहा आकडे झाले. चौदा हजार दोनशे. मग पान उलटलं. पान वहीचं होतं आणि रकाने कोरे होते, म्हणून मी संगणकाकडे बघून वाचलं.

"शून्य."

"शून्य."

"शून्य."

तिसऱ्या शून्याला माझा मलाच आवाज वेगळा ऐकू आला. काही गोष्टी लिहिताना टापटीप दिसतात आणि तोंडातून बाहेर पडल्या की खोलीत उभ्या राहतात.

"थांब," आई म्हणाली. महिन्याभरात ती इतक्या स्पष्टपणे काही बोललेली नव्हती. "त्या दिवशी यार्डात हळद फुकट वाटली का?"

"नाही, म्हणजे... ते आपले सुतकाचे दिवस, आई. आपण भाव लिहिला नव्हता."

"आपण लिहिला नाही म्हणून भाव नव्हता?"

मी तक्त्याकडे पाहिलं. अकरा शून्यांनी थोरलीला खाली ओढून धरलं होतं. धाकटीच्या वीस दिवसांतून ती शून्यं एक एक करून मागे पडत गेली आणि ती वर आली. बस. थोरलीच्या पन्नासात मात्र ती अजून होती. पोत्यांची सरासरीही त्या शून्यांनीच पाडली होती, म्हणून तिसरी चाळणी लागली होती. यार्डात कसलीही तेजी नव्हती. मी आबांचे तेरा दिवस मोजले होते.

लालासाहेबाने चहाचा कप खाली ठेवला आणि फौजी शिस्तीत विचारलं की मग आता खरी स्थिती काय.

खरी स्थिती सांगायला अकरा भाव हवे होते. मी म्हणाले, यार्डात जाऊन आणते. आई आत गेली आणि कपाटावरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली. तेरा दिवसांचे पेपर, एकाचीही घडी मोडलेली नव्हती. रोज सकाळी दारात आलेले तिने उचलून ठेवले होते.

आईने गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "वाच. मी लिहिते."

मग आम्ही दोघींनी ते काम केलं. मी एक एक पेपर उघडायची, बाजारभावाच्या कोपऱ्यात बोट ठेवून वाचायची आणि आई आबांच्या अक्षरातल्या तारखेपुढे आकडा लिहायची. पहिल्या दिवशी भाव होता चौदा हजार एकशे. आबा गेले तो दिवस.

"चांगला होता की," आत्या म्हणाली.

अकरा भाव भरल्यावर दोन्ही रेषांनी दरी सोडली आणि मुकाट्याने आपापल्या जागी गेल्या. धाकटी थोरलीला खरोखर ओलांडत होती. वरून खाली. आणि आज नाही, बरोबर आबांच्या दहाव्याच्या दिवशी. पुढे तीन दिवस टिकली, अंतर शेकडा एकच्या वर, विकलेली पोती जास्त. तेराव्याच्या दिवशी सगळ्या चाळण्या पार झाल्या होत्या. विका, असं सांगायचा तो दिवस होता. त्यानंतर भाव अकराशेने उतरला होता आणि त्यातले निम्मे दिवस बारा घरं माझ्या हुकमाने पोत्यांवर बसून होती.

मी आत्याची माफी मागितली. कशी मागितली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्याने ऐकून घेतलं आणि जरा वेळ हिशेब करत बसली. हिशेब तारखांचा होता.

"तेराव्याला तर समदी हितंच जेवायला हुती," ती म्हणाली. "बाराच्या बारा घरं. त्या दिवशी हळद विकायला कोण उटलं आसतं?"

"मामा आसते तर पंगतीतच सांगिटलं आसतं," लालासाहेब म्हणाला. "जेवा आन् उद्याच टेम्पो भरा म्हनून."

आईने वही मिटली. "ते असते तर पंगत कशाला बसली असती?"

 आणि मग आत्या हसायला लागली. आवाज न करता, पोट हलवत, दोन्ही गुडघे दाबून धरत. तिचं बघून आईही हसली. मला हसावं की काय करावं कळेना, म्हणून मी कप उचलून आत नेले.

लालासाहेबाने तिथेच बसून ग्रुपवर नवा आदेश काढला. 'मागील हुकूम रद्द. चूक गणिताची, मामांची नव्हे.' पुन्हा बारा अंगठे आले. मी ते मोजले. गुरुवारी सगळ्यांची हळद सौद्यात गेली. भाव बारा हजार आठशे. अडत दुकानाच्या मालकांनी हिशेबाच्या पट्टीबरोबर आईसाठी पेढे पाठवले आणि माझ्यासाठी काही निरोप पाठवला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं की फोनवर दोन्ही म्हणाला होतात ना. आत्याने सांगितलं, "उजवा करा. डाव्याला पुढच्या हळदीपत्तूर थांबाया लावलंय." ऑपरेशन चांगलं झालं. आता तिचा नवा पाय झपकन पुढे पडतो आणि जुना सावकाश मागून येतो. तिच्याकडे पाहताना मला काय आठवतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

रजा संपवून मी साताऱ्याला परत आले. वही सांगलीलाच राहिली, आई लिहिते. मी संध्याकाळी सातला फोन लावते आणि पेपरातला भाव दोघींना वाचून दाखवते. इकडे मी, सांगलीला आई, गावी आत्या, तिघी एका फोनवर. कोणाकडे विकायला एक हळकुंड शिल्लक नाही. पहिल्या दिवशी मी रेषेचं काहीतरी सांगायला गेले, तर आत्या म्हणाली, "रेषा ऱ्हाऊ दे. तू आकडा वाच."

रविवारी सौदे नसतात हे दोघींना माहीत आहे, तरी रविवारीही सातला फोन लावावा लागतो. आत्या विचारते, आज काय? मी शून्य म्हणत नाही. बाजार बंद आहे, म्हणते. एवढ्या सगळ्यातून मी तेवढंच शिकले, आणि त्याचीही गोवराच्या वेळी आईला कल्पना होतीच.